थ्री-नॉट-थ्री : एक जुनी रायफल निवडताना

स्मरणिकेत कोणी काय लिहायचं याची यादी आली, तेव्हा माझ्या नावापुढे 'परदेशातील अनुभव' असं लिहिलं होतं. त्या विषयावर आपल्या बॅचमधले निदान दहा जण माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. म्हणून संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी इतिहासाकडे वळते. शाळेत इतिहासात मला कधी फार मार्क नव्हते, हे आपल्या बाईंना आठवत असेलच. हा इतिहास मात्र मी पाठ्यपुस्तकातून शिकले नाही. लोखंडावर ठोकलेल्या खुणा वाचत वाचत शिकले.

आपल्यापैकी ज्यांनी एनसीसी केली त्यांना 'थ्री-नॉट-थ्री' म्हणजे काय ते सांगायला नको. कवायतीला मिळणारी ती जड, गोळीबारातून बाद केलेली रायफल आठवा. 'सलामी शस्त्र' होईपर्यंत मनगटं भरून यायची. कॅम्पात खरी नेमबाजी व्हायची ती पॉइंट टू-टूवर. बाकीच्यांनी थ्री-नॉट-थ्री पाहिली असेल ती पोलीस चौकीच्या दारात, निवडणुकीच्या बंदोबस्तात, नाहीतर सिनेमात. तिचं खरं नाव ली-एनफील्ड. नळीचा आतला व्यास .३०३ इंच, म्हणून थ्री-नॉट-थ्री.

मी मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते, सॉफ्टवेअर लिहिते आणि शनिवारी सकाळी एका नेमबाजी क्लबात जाते. कागदी लक्ष्य, कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा आणि शंभर यार्डांचं अंतर. आठवडाभर स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला श्वास आणि बोट या दोनच गोष्टींकडे लक्ष द्यायला लावणारा हा खेळ आहे. तिथे बरेच जण जुन्या लष्करी रायफली जमवतात आणि चालवतातही. मलाही एक घ्यावीशी वाटली. कुठली घ्यायची, हे ठरवायला जवळजवळ दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत जे कळलं ते इथे सांगते.

आधी कायद्याचं. आपल्याकडे .३०३ हा प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर ती मिळत नाही. लष्कराचं काडतूस नागरिकाच्या हाती पडू नये हे धोरण ब्रिटिशांचं, आणि ते पुढेही चालू राहिलं. म्हणूनच आपल्या ईशापूरच्या कारखान्यात नागरी परवान्यासाठी .३१५ ची रायफल बनते : यंत्रणा ली-एनफील्डचीच, काडतूस वेगळं. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली लष्करी रायफल 'संग्राह्य वस्तू' धरली जाते. तरीही माझ्या राज्यात परवाना गावच्या पोलिसांकडून घ्यावा लागतो आणि घरात ती कुलपात ठेवणं बंधनकारक आहे. हे योग्यच आहे असं माझं मत आहे.

आता रायफलीचा जन्म. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला माणूस. काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, रायफलीच्या पोटाखाली बसवायची आणि बोल्ट मागे-पुढे सरकवून एकेक काडतूस वर घ्यायचं, ही त्याची रचना. ब्रिटनने १८८८ मध्ये ती स्वीकारली. १८९५ मध्ये नळीच्या आतले पीळ एनफील्ड कारखान्याच्या पद्धतीचे झाले आणि 'ली-एनफील्ड' हे नाव पडलं. १९०७ मध्ये 'शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड मार्क ३' आली. आपण कवायतीत खांद्यावर घेतली ती हीच किंवा हिची बहीण.

इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर तिचे गुण तीन. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं मावतात. त्या काळच्या जर्मन माउझरमध्ये पाच मावत. बोल्टचा दांडा चापाच्या अगदी जवळ आहे आणि बोल्टचा प्रवास कमी आहे, त्यामुळे हात फारसा न हलवता पुढची गोळी तयार होते. शिवाय पाच-पाच काडतुसांच्या पत्र्याच्या पट्ट्या वरून दाबल्या की दोन दाबांत मॅगझिन भरतं. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार अपेक्षित होते. माउझरची यंत्रणा जास्त दणकट आणि अचूकतेला अनुकूल मानतात. ली-एनफील्ड वेगाला अनुकूल. हा वेग लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

हिंदुस्थानशी या रायफलीचं नातं फक्त वापरापुरतं नाही. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी ईशापूर आहे. तिथे आधी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथेच रायफलींचा कारखाना उभा राहिला आणि ली-एनफील्ड बनू लागली. जवळच दमदम. तिथल्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने .३०३ ची अशी गोळी बनवली, जिच्या टोकावरचं धातूचं आवरण उघडं ठेवलेलं असे. शरीरात शिरल्यावर ती फुलायची. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव झाला, पण 'दमदम' हे नाव जगभरच्या भाषांत राहिलं.

ईशापूरची आणखी एक वस्तू अमेरिकेतल्या संग्राहकांच्या बाजारात वारंवार दिसते. दिसायला हुबेहूब ली-एनफील्ड, पण नळी मोठी करून .४१० ची गुळगुळीत केलेली आणि मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. एका वेळी एकच काडतूस. ही पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी होती. ती हिसकावली गेली, तरी लष्करी काडतूस तिच्यात चालू नये आणि तिचं काडतूस लष्करी रायफलीत चालू नये, असा हिशेब. १८५७ नंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, हा शिरस्ता बरीच वर्षं चालला होता. तो लाकडी ठोकळा म्हणजे त्याच अविश्वासाचा पुरावा. विक्रेते त्याला 'गंमतशीर नमुना' म्हणतात. मला तो पहिल्यांदा हातात घेतल्यावर गंमत वाटली नाही.

१९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेयला उतरल्या, तेव्हा त्यांच्या हाती नव्या मार्क ३ रायफली देण्यात आल्या. गरज पडल्यावर अविश्वास बाजूला ठेवता आला. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन' होतं. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या युद्धकैदी झाल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत या काळातली पदकं अजून पेटीत असतील. आपल्या बॅचमध्येही कुणाकडे असतील तर जरूर बाहेर काढा.

आणि मग १३ एप्रिल १९१९. जालियनवाला बागेत डायरने पन्नास रायफलधारी शिपाई उभे केले. त्यांच्या हातात .३०३ होत्या. गोळीबार सुमारे दहा मिनिटं चालला आणि एकूण १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. खरा आकडा याहून बराच जास्त होता असं मानलं जातं. हे सगळं आपण शाळेत पाठ केलं होतं. पण रायफल प्रत्यक्ष चालवायला लागल्यावर मी एक साधा भागाकार केला. १,६५० भागिले ५० म्हणजे दर शिपायामागे ३३ गोळ्या. मॅगझिनमध्ये मावतात १०. म्हणजे सरासरी प्रत्येक शिपायाने त्या दहा मिनिटांत किमान तीन वेळा बार थांबवला, पट्ट्यातून काडतुसं काढली, मॅगझिन भरलं आणि पुन्हा नेम धरला. समोर पळणारी, भिंतीवर चढू पाहणारी माणसं दिसत असताना. ज्या जलद भरणीचं मी वर कौतुक केलं, ती तिथे अशी कामाला आली.

हे कळल्यावर काही महिने मी ली-एनफील्डचा विचारच सोडून दिला. अमेरिकन गॅरंड घ्यावी असं ठरत आलं होतं. ती आमच्याच राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात जॉन गॅरंडने घडवली. आठ गोळ्यांची, आपोआप पुढचं काडतूस घेणारी. शस्त्रागार १९६८ मध्ये बंद झालं, आता तिथे संग्रहालय आहे आणि ते पाहण्यासारखं आहे. स्विस के-३१ देखील मनात होती : अचूक, नीट निगा राखलेली. पण तिच्याशी माझं काय नातं? हा प्रश्न दर वेळी आडवा येई.

मला परत थ्री-नॉट-थ्रीकडे आणलं ते रेझांग लाने. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये सोळा हजार फुटांहून उंचावर मेजर शैतान सिंग यांच्या १३ कुमाऊँच्या तुकडीने चिनी हल्ल्याला तोंड दिलं. सुमारे १२० जवानांपैकी ११४ जणांना वीरमरण आलं. समोरच्यांकडे स्वयंचलित हत्यारं होती आणि आपल्या बहुतेक जवानांच्या हातात बोल्ट ओढायच्या .३०३. त्याआधी १९४७-४८ मध्ये काश्मीर राखलं तेही याच रायफलीने. म्हणजे ज्या रायफलीने बागेतल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या, त्याच जातीची रायफल चार दशकांनी स्वतंत्र देशाच्या सीमेवर शेवटच्या काडतुसापर्यंत लढली. इतिहासात बाजू ठरवून मोकळं व्हायची आपल्याला सवय असते. ही रायफल तसं मोकळं होऊ देत नाही, आणि तेच मला घरी आणायचं होतं.

मग निवड सुरू झाली. कुणाला या छंदात शिरायचं असेल तर पहिला प्रश्न स्वतःला विचारा : ठेवायची आहे की चालवायचीही आहे? माझ्यापुढे तीन पर्याय होते.

पहिला, नंबर ४. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या प्रमाणावर बनलेली सुधारित ली-एनफील्ड. मागची दृष्टी, म्हणजे नेम धरायचं भोक, डोळ्याजवळ असल्याने नेम सोपा जातो. नळी जाड. आमच्या राज्यातल्याच चिकोपी फॉल्स गावी सॅव्हेज कंपनीने ब्रिटनसाठी अशा दहा लाखांहून जास्त बनवल्या, त्यांवर 'यू. एस. प्रॉपर्टी' असा शिक्का असतो. फक्त नेमबाजीसाठी हवी असेल तर हीच घ्या.

दुसरा, ईशापूरची २ए१. १९६२ च्या धक्क्यानंतर ईशापूरच्या अभियंत्यांनी जुन्या मार्क ३ च्या आराखड्यात जास्त ताकदीचं पोलाद आणि नवीन ७.६२ चं काडतूस बसवलं. जुनी चौकट ठेवून आतलं बदलायचं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे काम रोजचं आहे. काडतूस सहज मिळतं हा हिचा मोठा फायदा. एक ताकीद मात्र द्यायला हवी. ही .३०३ नव्हे. दोन्हींची काडतुसं वेगळी, एकाचं दुसरीत घालायचा प्रयत्नही करू नये.

तिसरा, ईशापूरचीच .३०३ मार्क ३.

जुनी रायफल तपासताना क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी नळी. बोल्ट काढून उजेडाकडे धरून पाहायचं : पीळ धारदार आहेत का, गंजाचे खड्डे आहेत का. जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहतो आणि ओल धरतो. ज्या शिपायाने गोळीबारानंतर नळी गरम पाण्याने धुतली नाही, त्याची शिक्षा आज आपल्याला दिसते. नळीच्या तोंडात गोळी अलगद सरकवून पाहावी. पितळी कवचापर्यंत सगळी आत गेली तर तोंड झिजलं आहे. मग बोल्ट आणि नळी यांच्यातलं अंतर. हे मापकाने जाणकाराकडूनच मोजून घ्यावं. ते जास्त असेल तर काडतुसाचं कवच आत फाटू शकतं. त्यानंतर लाकूड. ली-एनफील्डची अचूकता बरीचशी लाकूड धातूला कुठे टेकतं यावर असते. शिकारीसाठी कुणी पुढचं लाकूड कापलं असेल तर संग्रहाच्या दृष्टीने किंमत गेली. 'डीपी' म्हणजे ड्रिल पर्पज असा शिक्का दिसला तर ती कधीही झाडू नये. आपल्या शाळेतल्या रायफलींवर हाच शिक्का असायचा.

सर्वांत शेवटी, आणि सर्वांत सावकाश, शिक्के वाचायचे. दस्त्याच्या मुळाशी असलेल्या लोखंडी पट्ट्यावर कारखाना आणि साल असतं. स्वातंत्र्यापूर्वीच्या ईशापूर रायफलीवर मुकुट आणि 'जी. आर. आय.' ही अक्षरं दिसतात, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आर. एफ. आय.', म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर. मागच्या दृष्टीच्या खाली लाकडात एक आडवा स्क्रू असतो; लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरने तो घातला. जगभरचे संग्राहक त्याला 'ईशापूर स्क्रू' म्हणतात. कुठल्या कारागिराला तो सुचला हे कुठे नोंदलेलं नाही, पण गावाचं नाव राहिलं. काही रायफलींच्या पुढच्या भागावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली दिसते. त्या हातबॉम्ब फेकण्यासाठी वापरल्या जात.

मी घेतली ती तिसरी. विक्रेत्याकडे दोन होत्या. एक इंग्लंडमध्ये बनलेली, सगळे क्रमांक जुळणारी, लाकूड अक्रोडाचं, चकचकीत. दुसरी ईशापूरची, १९४२ ची, मुकुटाच्या शिक्क्याची. तिची नळी मात्र नंतरची. १९५० च्या दशकात ती पुन्हा कारखान्यात गेली होती. नवी नळी, नवं पुढचं लाकूड आणि त्यांवर सिंहाचे छोटे शिक्के. संग्राहकांच्या नियमाने ही दुय्यम, कारण ती 'मूळ' राहिली नाही. विक्रेत्याने किंमतही त्या मानाने कमी सांगितली आणि प्रामाणिकपणे पहिलीचीच शिफारस केली.

नियम आपल्या जागी बरोबर आहे. जुन्या वस्तूत नंतर केलेले बदल बहुतेक वेळा तिचा इतिहास पुसतात. पण इथे दुरुस्ती हाच इतिहास होता. पैसा नव्हता, नवी हत्यारं नव्हती, म्हणून नव्या देशाने सम्राटाच्या रायफलीला नवी नळी बसवली आणि ती पुन्हा कामावर पाठवली. जुना मुकुट कोणी घासून काढला नाही. त्याच्या शेजारी सिंह ठोकला. एकाच लोखंडावर दोन्ही राज्यं वाचता येतात. आमच्या कामात कुठला बदल कोणी, कधी केला याची नोंद ठेवतात आणि जुन्या नोंदी खोडत नाहीत. ही रायफल तशी नोंदवही आहे.

तिचं आयुष्य असं दुरुस्त होत होत किती लांबलं ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात आपल्या काही पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्रीच होती, समोर एके-४७ असताना. दुरुस्ती करून वापरत राहणं हा गुण कुठे संपतो आणि माणसांना तुटपुंज्या हत्याराने उभं करणं कुठे सुरू होतं, हा प्रश्न १९६२ नेही विचारला होता. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला समारंभाने निरोप दिला.

माझी रायफल मी महिन्यातून एकदा क्लबात नेते. वीसेक बार, त्याहून जास्त नाही. खांद्याला ती जाणवते आणि.३०३ ची काडतुसं आता स्वस्तही नाहीत. शंभर यार्डांवर पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत बसतात. ऐंशी वर्षांच्या म्हातारीकडून याहून जास्त अपेक्षा नाही. घरी आल्यावर नळी साफ करायची, लाकडाला जवसाचं तेल लावायचं आणि कपाटाला कुलूप.

त्या कपाटात मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक शिक्का कुठे आहे आणि त्याचा अर्थ काय, हे तिच्यात मराठीत लिहिलं आहे. या रायफलीने स्वतः काय पाहिलं ते मला कधीच कळणार नाही. १९१९ ला तर ती जन्मलीही नव्हती. तरी वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा आहेत, १३ एप्रिल १९१९ आणि १८ नोव्हेंबर १९६२. उद्या ही रायफल माझ्या मुलीकडे जाईल किंवा एखाद्या संग्रहालयात. जिथे जाईल तिथे वही तिच्याबरोबर जावी, एवढी अट मी लिहून ठेवली आहे.